खोक्यातल्या बाई

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतेय, त्यातली शेवटची अकरा आंबेमुऱ्यावर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत. मेढ्याहून निघालेली जीप डोंगराच्या निम्म्यात सोडते, पुढं आपले पाय. शाळेत पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं, खोल्या दोन, शिक्षकांच्या जागा दोन आणि त्यातली एक तीन वर्षं रिकामी. चार वर्ग एकटीनं सांभाळायचे म्हणजे या खोलीतून त्या खोलीत ओरडावं लागतं. मी ओरडले. अगदी मनापासून ओरडले. माझं "अरे गाढवा" खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जातं असं लोक म्हणायचे आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याचा अभिमान होता.

मग घशानं दगा दिला. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला स्वरतंतूवरची गाठ काढली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची, पण माझ्याहून कडक. म्हणाली, "उमाताई, सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत, तर आवाज परत येईल याची हमी मी देणार नाही." आमचे हे, चिंतामणराव, शेजारीच बसले होते. तोंडानं "अरेरे" म्हणाले, पण तेहेतीस वर्षांच्या संसारात इतका समाधानी चेहरा मी पाहिला नव्हता. मी पाटीवर लिहून दाखवलं, "घरी चला, मग बघते."

रजा घेतली की झालं, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. आमचे केंद्रप्रमुख नानासो फोनवर यांना म्हणाले, "बदली माणूस माझ्याकडं नाही हो. बाई रजेवर गेल्या तर मुलं तात्पुरती खालच्या शाळेत बसवावी लागतील." खालची शाळा म्हणजे सकाळी चार किलोमीटर उतार आणि संध्याकाळी तेवढाच चढ. सहा-सात वर्षांची पोरं चार दिवस जातील, पाचव्या दिवशी आया घरी ठेवतील. पलीकडच्या वाडीची शाळा अशीच 'तात्पुरती' बंद झाली होती. आता तिथं गवताच्या पेंढ्या रचतात. आवाज वाचवायचा तर शाळा जाणार आणि शाळा वाचवायची तर आवाज जाणार, असा सगळा घोळ झाला. मी दोन रात्री झोपले नाही.

नानासो माणूस भला. शेवटी म्हणाले, "पंधरा दिवस शाळा उघडी ठेवा. सोळाव्या दिवशी मी वर येतो. वर्ग चालताना दिसला तर माझी हरकत नाही. नाही दिसला तर मुलं खाली."

तेव्हा भार्गवी आली. भार्गवी म्हणजे माझ्या भावाची मुलगी, सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिचा विषयच तो: शिकवण्यासाठी निघालेली नवी नवी यंत्रं वर्गात न्यायची, वापरून बघायची आणि ती खरंच कामाची आहेत का यावर पानंच्या पानं लिहायची. इतकी वर्षं मी तिला डिवचायचे, "काय गं, तुझ्या यंत्राला पोराचं नाक पुसता येतं का?" आता माझाच घसा अडकलेला. ती एका हातात भडंगाची पिशवी आणि दुसऱ्या हातात खोकं घेऊन मुऱ्यावर चढून आली आणि धापा टाकत म्हणाली, "आत्या, आता बोल की!" मी पाटी उगारली.

यंत्र तसं साधं होतं. माझ्या हातात टॅब, टेबलावर स्पीकरचं खोकं. मी टॅबवर लिहायचं, खोक्यानं ते मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यातून बातम्या देणाऱ्या पुरुषासारखा आवाज आला, "कृपया आपापल्या वह्या उघडा." झालं! सतराच्या सतरा पोरं ताडकन उभी राहिली आणि हात जोडून ओरडली, "एक साथ नमस्ते!" आमच्या शाळेत 'कृपया' म्हणणारा माणूस फक्त तालुक्याचा साहेब असतो. त्यांना वाटलं, साहेब तपासणीला आलेत आणि दाराआडून बोलतायत. मग काय विचारता! खोक्यानं विचारलं, "तीन गुणिले चार किती?" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "हो सर!"

भार्गवी हसून हसून जमिनीवर बसली. मग उठून तिनं तिचा तक्ता काढला. शिकणं, प्रतिसाद, शिस्त, आवड, एकेकाला पाचपैकी गुण द्यायचे आणि ते रोज मी भरायचे. त्या दिवशी मी सगळीकडे शून्य घातलं आणि तिच्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं.

"थांब," ती म्हणाली, "तुझाच आवाज करून देते. जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत का?"

होती की! कोरोनात शाळा बंद होती तेव्हा मी रोज सकाळी पाठ म्हणून पालकांच्या मोबाइलवर पाठवायचे. पण माझा तो फोन कधीच बिघडला. गावात विचारलं तर सगळ्यांनी पुसून टाकलेली. जागा अडते म्हणे. फक्त अंबूबाई शेलारांकडे होती, आणि तीही झाडून सगळी. अंबूबाई म्हणजे चौथीतल्या शिवतेजची आणि पहिलीतल्या साक्षीची आजी. साठी उलटलेली, दोन म्हशी, लेक फौजेत, त्यानंच सुट्टीवर आल्यावर दिलेला मोबाइल कनवटीच्या पिशवीत. भार्गवीनं विचारलं, "आजी, पुसली कशी नाहीत?" तर फटकन म्हणाली, "का पुसायची? बाईंचा आवाज हाय त्यो." आम्ही ती घेतली, भार्गवी सांगलीला गेली आणि तीन दिवसांनी माझा आवाज घेऊन परत आली.

अंगावर काटा आला हो. टॅबवर मी लिहिलं, "मुलांनो, बसा," आणि समोरून मीच म्हणाले, "मुलांनो, बसा." तोच ठसका, तोच हेल. फक्त राग नव्हता. पोरांनी टाळ्या पिटल्या. शिवतेज खोक्याला कान लावून आला आणि म्हणाला, "बाई, ह्या खोक्यातल्या बाई लय चांगल्या हायत. चिडत न्हाईत." मी डोळे वटारले, पण आतून बरं वाटलं.

पुढचे सहा-सात दिवस वर्ग असा चालला की माझा मलाच विश्वास बसेना. तिसरी-चौथीची मुलं गणितं सोडवत होती, दुसरीचे पाढे होत होते आणि पहिलीची चारही चिल्लीपिल्ली मुकाट बसत होती. ही चार म्हणजे एरवी नुसती चिवचिव. त्यातली साक्षी तर बोलायला लागली की खिडकीतली चिमणी उडून जायची. आता हूं नाही की चूं नाही. मी तक्त्यात 'शिस्त' पुढं रोज पाचपैकी पाच लिहीत होते. वर शेरा दिला, "सत्तावीस वर्षांत असा शांत वर्ग पाहिला नाही." मोठी शहाणी!

अकराव्या दिवशी दुपारी अंबूबाई शाळेत आली. पायरीवर चपला काढल्या, साक्षीचा हात धरलेला.

"बाई, रागावू नका. पर ही पोरगी घरात बी बोलंना झालीया. पाच दिस झालं. जेवती, झोपती, पर तोंडातनं सबुद न्हाई. दवाखान्यात न्हेली. डाक्टर म्हनतो, घसा चांगला हाय."

मी साक्षीसमोर बसले. तिनं ओठ घट्ट मिटले. अंबूबाई खाली वाकली, "माज्या कानात सांग. फकस्त माज्या." साक्षीनं एकदा टेबलावरच्या खोक्याकडं बघितलं, आजीच्या पदराआड तोंड घेतलं आणि काहीतरी सांगितलं. अंबूबाई सरळ झाली.

"बाई, ती म्हनती, त्या खोक्यानं तुमचा आवाज काढून घेतला. म्हून तुमी बोलत न्हाई. आता बोललं की हिचा बी घील. ह्या बाकीच्या तिघांस्नी बी हिनंच सांगितलंय, गप बसा म्हून."

आधी मला हसू आलं, आणि लगेच रडू. बरोबरच होतं की पोरीचं. बाई दिवाळीला गेल्या तेव्हा बोलत होत्या. आल्या त्या मुक्या, आणि आठवडा होत नाही तोच त्यांचा आवाज एका खोक्यातून यायला लागला. सहा वर्षांच्या पोरीनं दुसरा काय अर्थ लावायचा? मोठ्यांना मी सगळं फळ्यावर लिहून समजावलं होतं. पहिलीला कुठं वाचता येतंय! चार लेकरं भीतीनं गप्प बसली होती आणि मी, पंचावन्न वर्षांची घोडी, त्या भीतीला रोज पाचपैकी पाच गुण देत होते. तिला जवळ घेऊन "नाही गं बाळा" एवढंच म्हणायचं होतं. तेवढंच मला म्हणता येत नव्हतं. आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती.

अंबूबाईनं कनवटीची पिशवी सोडली. मोबाइल काढला, बोटानं खाली खाली सरकवत नेलं आणि एक जागा दाबली. माझा आवाज आला. खरा, तापलेला. "शिवतेज! ऐकतोयस ना? अरे गाढवा, आडवा पडून काय ऐकतोस, उठून बस आधी!"

सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. शिवतेज लाल झाला. अंबूबाईनं साक्षीला मांडीवर घेतलं. "बग. हितं बाई हायत का न्हाईत? ह्ये खोकं यायच्या आधीपास्नं हायत. तू बोबडं बोलत हुतीस तवाच्या. कुनी न्हेलं न्हाई त्यास्नी."

"आगं येडे, झेरॉक्स हाय ती!" शिवतेज ओरडला. "मेढ्यात झेरॉक्स काढली म्हून आपला कागद जातोय व्हय?"

साक्षीनं त्याच्याकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं. मग पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "मंग बाई का बोलत न्हाईत?"

"घशाला जखम हाय त्यांच्या. बरी झाली की बोलतील," अंबूबाई म्हणाली.

मला राहवेना. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "साक्षी, घाबरू नकोस. माझा आवाज माझ्याजवळच आहे." चौथीतल्या कुणीतरी ते वाचून दाखवावं म्हणून मी वळले. तेवढ्यात मागून आवाज आला. संथ, एकेका शब्दावर पाय रोवत.

"साक्षी... घाबरू... नकोस. माझा... आवाज... माझ्याजवळच... आहे."

अंबूबाई वाचत होती. पालकसभेच्या वहीत दर वेळी अंगठा उठवणारी अंबूबाई! माझ्या हातातला खडू पडला. दुसरा घेऊन मी घाईघाईनं लिहिलं, "तुम्हाला वाचता येतं?"

तिनं तेही मोठ्यानं वाचलं आणि मग म्हणाली, "येतं की."

मग तिनं सांगितलं. पायरीवर बसून, पदराशी चाळा करत. कोरोनात माझे पाठ यायचे आणि शिवतेज ऐकता ऐकता घोरायला लागायचा. "मंग मीच ऐकायची. म्हशीखाली बसून. तुमी म्हनायचा, पान आठ काढा. मी पोराचं पुस्तक काढायची. तुमी म्हनायचा, ह्या अक्षराखाली बोट ठेवा. मी ठिवायची. तुमी म्हनायचा, गाढवांनो, लक्ष कुठं हाय? मला वाटायचं, मलाच म्हनत्यात. लय बरं वाटायचं बगा. कुनीतरी आपल्याला बी शिकवतंय म्हून." अंगठा का देता मग, असं मी लिहिलं. ती लाजली. "ह्या वयात सही केली आस्ती तर बाया हसल्या आस्त्या."

मग आपणहोऊनच पुढं म्हणाली, "बारकी हुती तवा हितंच म्हसरं घिऊन यायची. मास्तर हजेरी घ्यायचं. भावाचं नाव आलं की त्यो आतनं 'हजर' म्हनायचा. मी भाईर खिडकीखाली. मी बी हळूच म्हनायची, हजर. पर माजं नाव काय त्या वहीत न्हवतं."

तिचे हात मी दोन्ही हातांत धरले आणि पाटीवर लिहिलं, "उद्यापासून साडेदहाला शाळेत या. मी लिहीन, तुम्ही वाचा." तिनं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, "आवं बाई, म्हशी?" मी पाटी पुसून लिहिलं, "म्हशी नऊला सोडा. उशीर चालणार नाही."

आली. डोक्याला तेल लावून, नवं लुगडं नेसून, साडेदहाला पाच कमी असताना. मी फळ्यावर लिहायचे, अंबूबाई वाचायची. जिथं ओरडायचं तिथं मी शब्दाखाली दोन रेघा ओढायचे आणि मग ती जे ओरडायची ते ओढ्यापलीकडं जात होतं. शब्द माझे, पण शिव्या तिच्या पदरच्या आणि माझ्यापेक्षा कितीतरी सरस.

आणि खोकं? ते मी फेकणार होते. पण आधी साक्षीसमोर ठेवलं, वायर काढून, उलटंसुलटं करून, आत काही लपलेलं नाही हे दाखवून. मग टॅब मुलांच्याच हातात दिला. आधी मी लिहायचे आणि मुलं ऐकायची. आता त्यांनी लिहायचं आणि खोक्यातल्या बाईंनी म्हणायचं. शिवतेजनं पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? "आज गृहपाठ नाही." माझाच आवाज गोड शब्दांत सगळ्या वर्गाला सांगत होता की आज गृहपाठ नाही! दुसऱ्यानं लिहिलं, "शाळा दुपारी सुटेल." तिसरीच्या मुलींनी माझ्याकडून आपली स्तुती करून घेतली, ओळीनं पाच-पाच वाक्यं. चार ओळी लिहायला रडणारी पोरं पानभर लिहायला लागली, कारण लिहिलेलं लगेच बाईंच्या तोंडून ऐकू येत होतं. सगळ्यात शेवटी साक्षी पुढं आली. आजीला विचारत विचारत तिनं एकेक अक्षर शोधलं, दाबलं आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहिली. खोकं म्हणालं, "साक्षी." ती ओरडली, "ओ बाई!" तिथून जी तिची टकळी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

सोळाव्या दिवशी नानासो आले. दारात पाच मिनिटं उभे राहिले. एका कोपऱ्यात अंबूबाई पहिलीला धडा वाचून दाखवत होती, दुसऱ्या कोपऱ्यात खोक्यातल्या बाई चौथीनं लिहिलेली गोष्ट सांगत होत्या आणि मी फळ्याशी खडूनं माखलेली. त्यांनी विचारलं, "इथं शिकवतंय कोण?"

साक्षीनं बोट दाखवत सांगितलं, "ह्या फळ्यावरच्या बाई, ह्या आमच्या आजी, आन् ह्या खोक्यातल्या बाई. पर त्या झेरॉक्स हायत."

नानासोंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तीन झाल्या. म्हणजे रिकामी जागा भरून वर एक उरली की." भेटीच्या वहीत त्यांनी लिहिलं, "वर्ग सुरू आहे." जाताना अंबूबाईला वाकून नमस्कार केला, तर ती पटकन माझ्या मागं लपली.

भार्गवीला मी तक्ता पाठवला. शेवटचा प्रश्न होता, हे तंत्रज्ञान स्वीकाराल का? मी लिहिलं, "हो. पण मुलांच्या हातात. आणि सगळ्यात लहान पोराला आधी समजावून. 'शिस्त' पुढचे माझे सगळे पाच खोड. ती शिस्त नव्हती, भीती होती." तिचं उत्तर आलं, "आत्या, माझ्या तक्त्यात भीतीसाठी रकानाच नव्हता गं. आता घातलाय. आणि हो, नाक अजून पुसता येत नाही." कार्टी! मी तिला किती टोमणे मारले आणि ती किती वेळा तो डोंगर चढून आली. तिचे उपकार मी कशानं फेडू?

सहा आठवडे भरले. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं नळी घालून बघितलं आणि पहिल्यांदा हसली. "छान आहे. रोज दहा मिनिटं बोला, हळू. ओरडायचं मात्र विसरा." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मग? पहिला शब्द कुणाला?" मी पाटीवर लिहिलं, "उद्या कळेल." यांनी जरा तोंड पाडलं, पण दुसऱ्या दिवशी मला सोडायला थेट जीपपर्यंत आले.

शाळेत गेले. खुर्चीवर बसले, हजेरीची वही उघडली. आवाज निघेल का, कसा निघेल, काही ठाऊक नव्हतं. पहिलं नाव घेतलं. चिरका, फाटका, माझा मलाच न ओळखू येणारा आवाज आला. साक्षी जागेवरून उठली, टेबलापाशी आली, खोक्याची वायर हातात धरून नीट बघितली आणि वळून ओरडली, "खोकं बंद हाय! बाईच हायत!"

जो काही गोंगाट उठला! मी तो थांबवला नाही. ओरडायची परवानगीही नव्हती. पोरं आपणहून बसली तेव्हा पुढची नावं घेतली. सतरा नावं, सतरा 'हजर बाई'. दहा मिनिटांतली चार उरली होती. अंबूबाई मागच्या भिंतीशी, पहिलीच्या पोरांत मांडी घालून, पुस्तकातलं पान शोधत बसली होती. सतराव्या नावाखालची ओळ रिकामी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"शेलार अंबूबाई."

तिनं मान वर केली. आधी इकडंतिकडं बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचं नाव असावं. मग पुस्तक हळूच खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला आणि मुलांसारखी ताठ उभी राहिली.

"हजर, बाई," ती म्हणाली. हळू नाही. ओढ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.